बुधाजी कोण?

अंबरनाथ,
६ सप्टेंबर १९८७

ती. अण्णा,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. श्यामकांतदादाने तुमची पुस्तकं पुन्हा पोत्यांत भरून खाटेखाली ढकलली, हे वाचून मला आधी रडू आलं आणि मग संताप आला. आईबाबा गेल्यावर आम्हा दोघा भावंडांना, काका असून, तुम्ही वाढवलंत, आणि आता त्याच्या घरात तुम्हाला बंद गॅलरीतली एक खाट. फार दिवस नाही हं अण्णा. खरंच सांगते, फार दिवस नाही.

जागा मिळतेय! बदलापूरला शिरगावात, माझ्या शाळेपासून दहा मिनिटांवर. बिनशेती करून घेतलेला छोटा प्लॉट आहे. दोन खोल्या होतील, त्यातली पूर्वेची तुमची आणि तिच्या एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. इथे शिवमंदिराजवळच्या माझ्या खोलीचा मालक दर महिन्याला ‘मुलाचं लग्न आहे, खोली लागेल’ म्हणतो. कधी एकदा सुटते असं झालंय.

जागा मोतीबाईची. गावातली जुनी आगरी बाई, साठीची, विधवा, मूलबाळ नाही. माझ्यावर तिचा जीव आहे. मी वर्गात मुलांना ओरडत असते ना, ‘पानी आला नाही, पाणी आलं म्हण! झार नाही, झाड म्हण!’, ते ऐकत ती खिडकीबाहेर उभी राहून हसते. मला म्हणते, “मास्तरीनबाय, तुजी पोरा दोन भाषा शिकतान, तूच एक शिकलीस.”

एकच अडचण आहे. उताऱ्यावर दोन नावं आहेत. एक मोतीबाईचं आणि दुसरं ‘बुधाजी नाथा भोईर’. मी विचारलं, हा कोण? ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसली. मग म्हणाली, “माजा भाव. त्यो देवाघरी गेला. एकतीस वरसा झाली.”

म्हणजे त्याचं नाव कमी करून घेतलं की झालं. तलाठ्यांकडे मृत्यूचा दाखला द्यावा लागेल, एवढंच.

तुमच्या पुस्तकाचं कुठवर आलं? फळ्या मोजून ठेवायच्या आहेत, पुस्तकं किती ते कळवा.

तुमची,
कुंदा

*

नागपूर,
१५ सप्टेंबर १९८७

चि. कुंदा,

आशीर्वाद. पुस्तकं तीनशे अकरा. त्यांतली चाळीस वाळवीने वाचून संपवली आहेत, ती सोडून दे.

पुस्तकाचं म्हणशील तर तिसऱ्या प्रकरणात आहे. कुणी मागितलेलं नाही, कुणी छापणार नाही, म्हणून अगदी मोकळेपणाने लिहितोय. सध्या अथेन्सजवळच्या एल्युसिस गावात मुक्काम आहे. तिथे दरवर्षी गुप्त विधी व्हायचे. हजारो माणसं दीक्षा घ्यायची. मधोमध एक पुरोहित, त्याला म्हणायचे हायरोफंट. अर्थ, पवित्र वस्तू दाखवणारा. एका झाकल्या पेटीतून काहीतरी काढून तो दाखवायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा. काय दाखवायचा ते हजार वर्षांत एकाही माणसाने बाहेर फोडलं नाही. माझं मत तुला ठाऊकच आहे. पेटी रिकामी होती आणि ते त्या एकट्याला माहीत होतं.

असो. तुझ्या जागेचं सांग. तीस वर्षं इतिहास शिकवून मी एक गोष्ट शिकलो आहे. कागद बोलतो तेव्हा ऐकावं आणि माणूस माती उकरायला लागला की सावध व्हावं. सख्ख्या भावाचं नाव काढल्यावर बाई गप्प का झाली? दाखला हातात आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नकोस. आणि गावात विचार, हा बुधाजी कधी गेला आणि कशाने गेला. म्हाताऱ्यांना विचार, त्यांना तारखा नाही पण आजार आठवतात.

मला तुझ्या फळ्यांची घाई आहे, पण एवढीही नाही.

अण्णा

*

अंबरनाथ,
४ ऑक्टोबर १९८७

ती. अण्णा,

तुम्ही म्हणालात तसं विचारलं. न विचारते तर बरं झालं असतं.

आधी दाखल्याचं. नोंदच नाही. १९५६ चं आणि त्याच्या आगेमागचं दप्तर मी स्वतः तलाठ्यांबरोबर बसून पाहिलं. त्या वर्षी शिरगावात सात माणसं गेली, पण त्यांत बुधाजी नाही.

मग गावात विचारत फिरले. अण्णा, मी त्या नावाचा उच्चार केला की माणसं बदलतात हो. किराणा दुकानातला जयदेव हसत बोलत होता. मी विचारलं, “बुधाजी भोईर कोण होते रे?” तर त्याने सरळ पाठ फिरवली आणि डबे पुसायला लागला. पाणवठ्यावरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. खोटं सांगत नाही, खरोखर ठेवले! एकीने मला गप्प राहण्याची खूण केली आणि देवळाकडे पाहिलं.

देवळात भगत असतो. गावदेवीचा कौल तोच लावतो. देवीच्या अंगाला ओले तांदूळ चिकटवायचे, ते कुठल्या बाजूने आणि कसे पडतात त्यावरून लग्न, आजारपण, बी कधी पेरायचं, सगळ्याचा अर्थ हा सांगणार. दसऱ्याआधी नऊ दिवस पडद्यामागे एक झाकली करंडी घेऊन बसतो. तुमच्या एल्युसिसच्या माणसाची आठवण झाली. सगळे त्याला ‘देवबाप्पा’ किंवा नुसतं ‘भगत’ म्हणतात. पासष्टीचा उंच माणूस आहे, कुणाच्या घरी जेवत नाही, देवळामागच्या खोलीत एकटा राहतो.

मोतीबाईने जागा विकण्यासाठी कौल मागितला होता. आणि या माणसाने नकार दिला! सगळ्या गावाच्या जागांना कौल लावतो, आणि हिला म्हणाला, “या जागंचा कौल माज्याच्यान लागनार नाय.” कारण सांगितलं नाही. मोतीबाईनेही विचारलं नाही.

शेवटी ठमाबाईला गाठलं. नव्वदीची आहे, तिला कुणाची भीती वाटत नाही. मी हळूच विचारलं, बुधाजीचं काय झालं? ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, “नदीन सोरला.” मी म्हटलं, कुणी? तर म्हणाली, “आमी समद्यांनी. आवसेला. वाजत गाजत.” नदीन म्हणजे नदीत, सोरला म्हणजे सोडला. एवढं मला आता कळतं.

अण्णा, एका माणसाला सगळ्या गावाने मिळून उल्हास नदीत सोडला? त्याच जागेवर मी घर बांधायला निघाले आहे.

काय करू ते लगेच कळवा.

कुंदा

*

नागपूर,
१२ ऑक्टोबर १९८७

चि. कुंदा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. श्यामकांतला दाखवलं नाही, तो ‘कुठे नसत्या भानगडीत पडता’ म्हणेल.

आता एकेक धागा जुळव. जमिनीचा वाटेकरी तरणा भाऊ. एका वर्षी तो नाहीसा होतो. मृत्यूची नोंद नाही. म्हातारी सांगते की नदीत सोडला, तेही अमावास्येला. गाव कानांवर हात ठेवतं. आणि ज्याच्या शब्दावर गाव चालतं तो भगत त्याच जागेचा कौल लावायला घाबरतो. का घाबरतो? मी सांगतो. एकतीस वर्षांपूर्वी कुणीतरी तांदूळ पडताना पाहिले आणि अर्थ सांगितला की या माणसाला सोडा. गाव ऐकणारच. अर्थ लावण्याचा अधिकार एकाच माणसाच्या हातात गेला की असंच होतं, मग ते अथेन्स असो की बदलापूर.

मोतीबाईबद्दल तुला माया आहे, पण तिचा वाटा त्यामुळे दुप्पट झाला हे विसरू नकोस.

तहसील कचेरीत रीतसर अर्ज दे. ‘अमुक नावाचा इसम १९५६ पासून बेपत्ता असून त्याची चौकशी व्हावी.’ कुणावर आरोप करू नकोस, फक्त प्रश्न विचार. सरकारी माणसाने गावात येऊन नाव घेतलं की कुणीतरी फुटेल.

भिऊ नकोस. पण रस्त्याने एकटी जाऊ नकोस.

अण्णा

*

अंबरनाथ,
२७ ऑक्टोबर १९८७

ती. अण्णा,

अर्ज दिला. पण कसा दिला ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

खरं तर मी मागे हटणार होते. दिवाळीत मोतीबाईने माझ्यासाठी घरी कांडलेले पोहे पाठवले. ती आणि खून? मन मानेना. त्यातच उल्हासनगरचा एक एजंट भेटला, नाव हरिचंद्र. नाव ऐकून लगेच हसू नका, आधी पुढे काय म्हणाला ते ऐका. “मॅडम, टेन्शन कायको लेती है? तीस साल जुना माणूस, मयताचा दाखला दोन दिवसांत आणून देतो. एकदम पक्का. बुधाजीपण खूश, तुमीपण खूश.” मी त्याला दारातून हाकललं. खोट्या कागदावर तुमची खोली उभी करायची नाही मला.

पण मग दोन गोष्टी घडल्या.

भाऊबीजेला मी शिरगावात गेले होते. पाहते तर मोतीबाई नवं लुगडं नेसून, ओवाळणीचं ताट घेऊन देवळाकडे निघालेली. मला पाहून तिने ताट पदराखाली घेतलं. मेलेल्या भावाला देवळात ओवाळतात का कुठे? मला वाटलं, हिचं मन हिला खातंय.

आणि सोमवारी, दिवाळीच्या सुट्टीतला जादा वर्ग चालू असताना, भगत स्वतः शाळेत आला. मुलं चिडीचूप झाली. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, “मास्तरीनबाय, जागा तुना पायजे, घे. मी आरवा येनार नाय. पन त्या नावाचा शोध करू नको. नदीन गेलाय, त्याला वर कारू नको.”

आवाज चढवला नाही. डोळेही वटारले नाहीत. पण अण्णा, धमकी आणखी कशी असते? नदीत गेलेल्याला वर काढू नको! तो गेल्यावर मी मुलांना लवकर सोडलं. दुसऱ्या दिवशी वर्ग बंद ठेवला, कल्याणला गेले आणि अर्ज देऊन पोच घेतली.

चौकशी पुढच्या महिन्यात होईल म्हणाले. बरोबर केलं ना मी?

कुंदा

*

नागपूर,
१८ नोव्हेंबर १९८७

कुंदा,

हे पत्र मिळताच, किंवा उद्या सकाळी मी करतोय ती तार मिळताच, जे करत असशील ते टाकून तहसीलला जा आणि अर्ज मागे घे. काय वाटेल ते कारण सांग.

मी मूर्ख आहे. आज चौथ्या प्रकरणाला बसलो, ‘हायरोफंटचे नाव’. गेली वीस वर्षं हे मला पाठ आहे, वर्गात शिकवलंय, परीक्षेत विचारलंय. ऐक. तो माणूस एकदा पदावर बसला की त्याचं जन्माचं नाव संपलं. ते समुद्रात सोडलं असं मानायचे. माणूस नाही, नाव! त्यानंतर त्याला कुणी नावाने हाक मारायची नाही, आईनेसुद्धा नाही. मारली तर गुन्हा. तो मेल्यावर मगच त्याची मुलं ते नाव लोकांना सांगायची.

अर्धं वाक्य लिहून झालं आणि लेखणी थांबली. तुझ्या त्या भगताचं नाव काय आहे, कुंदा? तू दोन महिन्यांत तीन पत्रं लिहिलीस, त्यांत त्याचं नाव एकदाही नाही. मी एकदाही विचारलं नाही.

अर्ज मागे घे.

अण्णा

*

अंबरनाथ,
२२ नोव्हेंबर १९८७

ती. अण्णा,

तार मिळाली. १९ तारखेला संध्याकाळी घरी आले तेव्हा शेजारच्या सुनंदाबाईंनी हातात दिली. पत्र काल आलं. चौकशी १९ तारखेला सकाळी अकरा वाजताच झाली.

सगळं सांगते. मी लपवलं तर मला झोप लागणार नाही.

मंडल अधिकारी, तलाठी आणि एक हवालदार आले. देवळासमोरच्या पारावर टेबल मांडलं. सगळं गाव जमलं होतं. भगत देवळाच्या पायरीवर बसला होता, खांद्यावर लाल कापड, हातात तांब्याचं कडं. मोतीबाईला पुढे बोलावलं.

अधिकारी म्हणाले, “बुधाजी नाथा भोईर तुमचा भाऊ?”

“व्हय.”

“तो मयत झाला असं तुम्ही तलाठ्यांना सांगितलंत?”

“मी काय तसा बोललेली नाय. मी बोल्ली त्यो देवाघरी गेला.”

“म्हणजे मेलाच ना?”

“मरंल कशाला?” मोतीबाई चिडली. “चांगला हाय! देवाघरी हाय!”

तुम्हाला दिसतंय ना अण्णा, काय चाललं होतं ते? मलाही त्याच क्षणी दिसलं, आणि मी पायरीकडे पाहिलं. अधिकाऱ्यांना ती थट्टा करतेय असं वाटलं. सरकारी कामात खोटं विधान केलं म्हणून गुन्हा दाखल करीन, म्हणाले. हवालदार तिला म्हणाला, “चला बाई, ठाण्यात चला, तिथे आठवेल.” तिने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. ज्या एका शब्दाने ती सुटली असती तो शब्द तिला उच्चारता येत नव्हता. गावात कुणालाच येत नव्हता.

शेवटी नियमाप्रमाणे अधिकाऱ्यांनी शिपायाला पुकारा करायला लावलं. तीन वेळा.

“बुधाजी नाथा भोईर, हाजिर है?”

बायकांनी कानांवर हात ठेवले. माझ्या वर्गातली मुलं कडेला उभी होती, त्यांनीही ठेवले.

मी उठले. म्हटलं, साहेब, थांबा, माझी चूक झाली, मी अर्ज मागे घेते. ते म्हणाले, खाली बसा, चौकशी सुरू आहे.

दुसरा पुकारा झाला. हवालदाराने मोतीबाईच्या दंडाला हात घातला.

तिसरा पुकारा झाला आणि भगत पायरीवरून उठला.

“हजर.”

एवढं एकच बोलला. मग खांद्यावरचं लाल कापड घडी करून उंबऱ्यावर ठेवलं, त्यावर कडं काढून ठेवलं, आणि चार पायऱ्या उतरून आमच्यात येऊन उभा राहिला. मोतीबाईने हंबरडा फोडला. भाऊ जिवंत सापडला म्हणून अधिकारी तिचं अभिनंदन करत होते, आणि ती प्रेतावर रडावं तशी रडत होती.

जयदेवने नंतर सांगितलं. भगताची दीक्षा घेताना पिंपळाच्या पानावर कुंकवाने नाव लिहितात आणि पान नदीत सोडतात. त्या दिवसापासून तो माणूस देवाघरचा. नाव वर आलं, आणि त्याने त्याला ओ दिली, की देवी त्याच्याकडून बोलत नाही.

आणि अण्णा, ठमाबाई खोटं बोलली नव्हती. इथे ‘नाव सोडलं’ म्हणत नाहीत, ‘नाव सोरला’ म्हणतात. पाणी आला, घर बांधला, नाव सोरला. मी बुधाजीचं काय झालं विचारलं आणि तिने नावाचं काय झालं ते सांगितलं. त्यात माणूस मी घातला. अकरा वर्षं मी मुलांच्या तोंडचं हेच एक अक्षर दुरुस्त करतेय, आणि ते मला ऐकूच आलं नाही.

आता देवळाचा पडदा बंद आहे. मी रस्त्यात दिसले की लोक बाजूला होऊन वाट देतात.

कुंदा

*

नागपूर,
१ डिसेंबर १९८७

चि. कुंदा,

चूक तुझी नाही. तू नुसतं विचारत होतीस, संशय मी घेतला. पाच आठवडे मी त्या माणसाला खुनी म्हणत होतो, आणि खाटेखालच्या पोत्यात त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा पडला होता. मीच त्या विषयावर पुस्तक लिहितोय म्हणे!

आणखी एक. तुझ्या त्या हरिचंद्राचा खोटा दाखला आपण घेतला असता तर बुधाजी कागदावर मेला असता आणि देवळात तसाच बसून राहिला असता. कुणाचंच काही बिघडलं नसतं. खरेपणाचा एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता.

पुस्तक पोत्यात टाकलं. जागेचा नाद सोड. ज्या घरापायी एका माणसाचं सगळं गेलं त्या घरात मी पुस्तकं मांडून बसू शकत नाही. गॅलरी वाईट नाही. सकाळी ऊन येतं.

अण्णा

*

अंबरनाथ,
१७ जानेवारी १९८८

ती. अण्णा,

दीड महिना लिहिलं नाही. रागावले नव्हते, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी मोतीबाईकडे गेले. म्हटलं, मला जागा नको. तिने सुपातलं धान्य खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. “जागंपायी नाव गेला. आता जागाबी नको बोल्तेस? मंग नाव फुकट गेला का गो?” मी तिथेच बसले आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडले.

खरेदीखतावर आता दोघांच्या सह्या लागणार. चार दिवसांपूर्वी शाळा सुटल्यावर मी एकटीच वर्गात वह्या तपासत होते. दारात सावली पडली. तोच होता. या वेळी उंबरा ओलांडून आत आला आणि पहिलीच्या मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला.

म्हणाला, “सही करायची हाय. अंगठा मी देनार नाय. लानपनी नाव लिवाया शिकलू व्हतू, आता हात इसारलाय. शिकव.”

मी पाटी काढली. पण पेन्सिल उचलण्याआधी जे बोलायचं होतं ते बोलले. म्हटलं, बाबा, मी तुमचं वाटोळं केलं. मला तुमचा संशय आला होता. तुम्ही खून केला असं मी आणि माझे काका एकमेकांना लिहीत होतो.

त्याला हसू आलं.

“ओ दिली ती मोतीसाठी दिली. ता खरा,” तो म्हणाला. “पयल्या हाकंला नाय, दुसऱ्या हाकंला नाय. पन तिसऱ्या हाकंला जीभ आपसूक हालली गो. नाव सोरला तवापासून त्या नावान मना कुनी बोलावला नव्हता, माज्या आयनंबी नाय. कानाला गोड लागला.”

अण्णा, हे खरं होतं की माझं ओझं उतरावं म्हणून तो बोलला, मला कळत नाही. चार दिवस मी त्याच वाक्यापाशी आहे. त्याच्या चेहऱ्यावरून काही समजलं नाही. आयुष्यभर लोकांना अर्थ सांगणारा माणूस, स्वतःच्या बोलण्याचा अर्थ मात्र त्याने माझ्यावर सोडला. आणि मला आता संशय घेण्याची भीती वाटते, पण विश्वास ठेवण्याचीही लाज वाटते.

तुमच्या पुस्तकाबद्दल मी त्याला सांगितलं. समुद्रात सोडलेलं नाव, मेल्यावर मुलांनी सांगायचं, सगळं. तो मन लावून ऐकत होता. म्हणाला, “म्हंजे त्यांना मेल्यावर गावला. मना जित्यापनी.” मग विचारलं, “आनि त्यांच्या पेटीन काय व्हता?” मी म्हटलं, काकांच्या मते पेटी रिकामी होती. त्यावर तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. “तुज्या काकाला आन हितं,” म्हणाला. “रिकामी करंडी नऊ दीस धरून बसाया काय लागतं, ता मी सांगतू त्याला.”

तेव्हा पुस्तक पोत्यातून बाहेर काढा. पूर्वेची खोली बांधून होईल तेव्हा तुम्हाला यावंच लागेल. तुम्हाला त्याचं देणं आहे, आणि तो दुसरं काही मागत नाही.

मग मी पाटीवर ठळक अक्षरांत लिहून दिलं आणि त्याने त्यावरून पेन्सिल फिरवली. बु आला. धा चा काना आधी वाकडा गेला, त्याने पुसून पुन्हा काढला. जी ला खूप वेळ लागला. बाहेर मोतीबाई खिडकीशी येऊन उभी होती, पण या वेळी ती हसत नव्हती. शेवटी माझं अक्षर झाकून त्याने खाली स्वतःच्या हाताने एकदा लिहिलं आणि पाटी माझ्यापुढे धरली.

“झाला माजा नाव?”

हे वाक्य मी वर्गात दिवसातून दहा वेळा दुरुस्त करते.

“झाला,” मी म्हटलं.

तुमची,
कुंदा